तुर्की शब्दसिद्धी व क्रियापदप्रत्यय : मराठी अध्ययनार्थीच्या दृष्टीने

मुरबाड तालुक्यातील 'सिद्धगड' या नामाला पंचमीचा प्रत्यय लावला असता 'सिद्धगडाहून' असे रूप सिद्ध होते. येथे नामाचे सामान्यरूप 'सिद्धगडा' होते. प्रत्यय मात्र तसाच राहतो. तुर्की भाषेत बहुधा याच्या उलट घडते. नाम अविकृत राहते व प्रत्ययातील स्वर नामाच्या अंत्य स्वराशी जुळतो. 'सिद्धगडाहून' म्हणजे 'सिद्धगडदान'; परंतु 'एव' (घर) पासून 'एवदेन'. यास स्वरसंवाद म्हणतात.

क्रियापदात प्रत्ययांचा क्रम निश्चित असतो. 'गेल' हा धातू मराठी कानाला जाण्याचा भास देतो. त्याचा अर्थ मात्र 'येणे'. त्यापुढे नकारदर्शक 'मे', भूतकाळदर्शक 'दि' आणि प्रथमपुरुषी एकवचनी 'म' आले की 'गेलमेदिम' हे रूप होते. 'मी आलो नाही' व 'मी आले नाही' हे दोन्ही अर्थ त्यात सामावतात. कारण तुर्कीत व्याकरणिक लिंगभेद नाही.

ही रीत मराठीस सर्वस्वी परकी नाही. 'तोपची', 'मशालची' यांतील 'ची' हा षष्ठीचा प्रत्यय नसून मूळचा तुर्की व्यवसायवाचक प्रत्यय आहे. तो फारसीमार्गे मराठीत आला. तुर्कीत तो आजही स्वरानुसार बदलतो, म्हणून तेथे 'तोपचु' होते. मराठीत त्याचे रूप स्थिर झाले.

यास्तव अध्यापकाने परिचित 'तोपची'पासून आरंभ करून शब्दांचे घटक सुटे करण्याचा सराव द्यावा. केवळ पाठांतर केल्यास अध्ययनार्थीस प्रत्येक रूप नवा शब्दच भासेल.