वाळू चाळणारा डबा

मुलांनो, नाशिकला होळकर पुलावरून जाताना तुम्ही कधी खाली पाहिले आहे का? रामकुंडाजवळ गोदावरीच्या पाण्यात भाविक लोक नाणी टाकतात. पाणी कमी झाले की काही माणसे आणि तुमच्याएवढी मुले गुडघाभर पाण्यात उभी राहून काहीतरी शोधताना दिसतात. कोणाच्या हातात दोरीला बांधलेले लोहचुंबक असते, तर कोणाच्या हातात चाळणी असते. वाटसरू त्यांच्याकडे पाहून हसतात. पण त्यांचे काम नीट पाहिले तर त्यात शिकण्यासारखे बरेच आहे.

लोहचुंबकाला रुपयाचे पोलादी नाणे लगेच चिकटते. पाच रुपयांचे पिवळसर नाणे मात्र चिकटत नाही. सोने, चांदी आणि तांबे यांनाही चुंबक ओढत नाही. म्हणून चुंबकाने सगळे काम भागत नाही, चाळणीही लागते.

वाळूतून किंवा धुळीतून धातू वेगळा काढण्याचा धंदा आपल्याकडे फार जुना आहे. सोनाराच्या दुकानातला केर आणि शेगडीतली राख धुऊन त्यातले सोन्याचांदीचे कण काढणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात. उर्दूत आपण त्यालाच न्यारिया म्हणतो. सोन्याचे कण इतके बारीक असतात की ते कोणत्याही चाळणीतून सहज खाली जातात. म्हणून झारेकरी पसरट भांड्यात केर आणि पाणी घेऊन ते गोल गोल हलवतो. सोने पाण्यापेक्षा सुमारे १९ पट जड आहे, तर वाळू केवळ अडीच पटींहून थोडी अधिक. हलकी माती पाण्याबरोबर बाहेर जाते आणि जड सोने तळाशी राहते. झारेकरी वजनावरून निवड करतो आणि चाळणी आकारावरून निवड करते, हा फरक लक्षात ठेवा.

आकाराची गोष्ट मला एका प्रसंगाने शिकवली. आमच्या शाळेत लांब उडीसाठी वाळूचा खड्डा आहे. एके दिवशी उडी मारताना एका मुलीच्या कानातली सोन्याची बाळी त्यात पडली. बाळी लहानशी होती. तिच्यात ज्वारीच्या दाण्याएवढा एक मोती होता. ती मुलगी रडू लागली, कारण बाळी तिच्या आजीची होती आणि घरी सांगण्याची तिला भीती वाटत होती. सगळी मुले खड्ड्यात उतरली आणि हातांनी वाळू उकरू लागली. मीही उकरू लागलो. ही आमची पहिली चूक. जड वस्तू सैल वाळूत आणखी खाली जाते आणि पायाखाली दबली तर ती कोठे गेली हे मुळीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या बांधकामावरून गवंड्याची मोठी चाळण आणली. सगळी वाळू चाळली. पण बाळी मिळाली नाही. संध्याकाळी चाळण परत देताना मी सहज तिच्या छिद्रात बोट घातले, तर बोट आरपार गेले! एवढ्या छिद्रातून बाळी केव्हाच खाली पडली असणार. म्हणजे ती चाळून टाकलेल्या ढिगातच होती.

मग आम्ही स्वतःच एक डबा तयार केला. तो कसा केला ते सांगतो. तुम्हीही करून पाहा.

खाद्यतेलाचा पाच लिटरचा, मूठ असलेला प्लॅस्टिकचा रिकामा डबा घ्या. गरम पाणी आणि साबण लावून तो स्वच्छ धुवा, नाहीतर तेलाला वाळू चिकटते. बूच घट्ट लावा. आता मूठ वर येईल असा डबा आडवा धरा आणि त्याचा तळ तिरपा कापा. मुठीकडची बाजू आखूड आणि खालची बाजू लांब राहिली पाहिजे. ही लांब बाजू पावड्यासारखी वाळूत घुसते. कापण्याचे काम घरातल्या मोठ्या माणसाकडून करून घ्या. कापलेली कड पॉलिश पेपरने घासा, कारण ती हाताला लागते.

नंतर खालच्या आणि दोन्ही कडांच्या बाजूंना हातड्रिलने छिद्रे पाडा. पुढच्या कडेपासून चार बोटे जागा मोकळी ठेवा. तेथे छिद्रे पाडली तर कड कमकुवत होऊन फाटते. दोन छिद्रांमध्ये निदान एका छिद्राएवढे अंतर असावे. गरम सळईने छिद्रे पाडू नका. प्लॅस्टिकचा धूर छातीला वाईट असतो.

छिद्र केवढे असावे? सगळी गंमत येथेच आहे. छिद्र मोठे केले तर काम झटपट होते, पण वस्तू निसटते. छिद्र फार लहान केले तर वाळू खाली पडतच नाही. २०१९ सालापासूनचे रुपयाचे नाणे २० मिलिमीटर रुंद आहे. तेवढ्यासाठी १० मिलिमीटरचे छिद्र चालेल. आमची बाळी साधारण ८ मिलिमीटरची होती, म्हणून आम्ही ५ मिलिमीटरची छिद्रे पाडली. छिद्र गोलच हवे. लांबट फट ठेवली तर नाणे उभे होऊन तिच्यातून सरकते.

ओली वाळू छिद्रातून पडत नाही, कारण पाण्यामुळे कण एकमेकांना धरून ठेवतात. अशी वाळू उन्हात पसरून वाळवावी, किंवा डबा पाण्यात अर्धा बुडवून हलवावा. पाण्यात वाळू भराभर निघून जाते.

आम्ही खड्ड्यावर सुतळी बांधून चौकोन पाडले. एक चौकोन संपल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही आणि चाळलेली वाळू वेगळ्या बाजूला टाकायची, असे ठरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डब्यात बाळी चमकली. मोती मात्र आमच्याही छिद्रांतून गेला होता. तो शेवटपर्यंत मिळाला नाही.

परदेशात समुद्रकिनाऱ्यावर हरवलेल्या अंगठ्या आणि नाणी शोधणारे लोक असाच डबा वापरतात. त्यांच्याजवळ धातुशोधक यंत्रही असते. यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलती वीज वाहते. जवळ धातू आला की त्या धातूतही क्षीण वीज निर्माण होते आणि यंत्र आवाज करते. पोलंडचे युझेफ कोसात्स्की यांनी १९४१ साली जमिनीतले सुरुंग शोधण्यासाठी असे एक हलके यंत्र तयार केले होते. यंत्र फक्त जागा सांगते. वस्तू वर काढायला डबाच लागतो. तो प्लॅस्टिकचा असला तर एक सोय होते. लोखंडी डबा यंत्राजवळ आणला की यंत्र त्याच्यासाठीच ओरडू लागते.

हा डबा घेऊन एकटे नदीत मात्र उतरू नका. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरीची पातळी वाढते, आणि गाळात काचाही असतात. शाळेचे मैदान किंवा घराजवळची वाळू सरावाला पुरे.

आणि जुने नाणे सापडले तर? १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपान राजाची होती. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. सातकर्णीने नहपानाचे क्षहरात घराणे नष्ट केले, असे पांडवलेण्यांतील एक शिलालेख सांगतो. या नाण्यांनी त्याला भक्कम पुरावा दिला. ती नाणी आपल्या रुपयापेक्षा लहान आहेत. कोणी ती आटवून चांदीचे कडे केले असते, तर हा पुरावा राहिला नसता.

१८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेले दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. असे नाणे चिंच किंवा राख लावून घासू नका. त्यावरची अक्षरे झिजतात. ते कागदात गुंडाळा आणि कोठे, किती खोल आणि कोणत्या तारखेला मिळाले ते त्याच कागदावर लिहा. मग ते आपल्या शिक्षकांना दाखवा. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी येथे नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आहे. तेथील जाणकार अशी नाणी वाचू शकतात.