एका अक्षराची झडती

बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतःच गळालेला असेल, तर त्या माणसाला पुढे स्किझोफ्रेनिया होण्याची शक्यता साधारण चारात एक. एरवी ती शंभरात एकाच्या आसपास. गळणाऱ्या तुकड्यातच ‘कॉम्ट’ हे जनुक बसलेलं आहे आणि त्याचं एन्झाइम मेंदूतलं डोपामिन मोडतं. या आजाराची बहुतेक औषधंही डोपामिनलाच आवर घालतात. इतकं जुळून आल्यावर संशय आणखी कुणावर घ्यायचा? त्यातून कॉम्टमध्ये एका जागी कुणाकडे ‘जी’ अक्षर असतं, कुणाकडे ‘ए’. ‘जी’वाल्यांचं एन्झाइम चपळ. या एका अक्षरावर निबंधांमागून निबंध आले. कुणाला संबंध सापडे, कुणाला नाही.

असं का व्हावं? हिशेब मांडून पाहू. समजा २०० रुग्ण, २०० निरोगी. प्रत्येकाला एक अक्षर आईकडून, एक वडिलांकडून, म्हणजे दोन्हीकडे चारशे-चारशे अक्षरं. रुग्णांत ‘जी’ निघाले २२०, निरोग्यांत २००. फरक नजरेत भरतो. पण जनुकाचा काडीचाही संबंध नसताना एवढा फरक सहा-सात पाहण्यांपैकी एकीत आपसूक पडतो.

दुसरा घोळ जास्त कावेबाज, आणि आपल्याकडे तर हमखास होणारा. रुग्ण घेतले जिल्हा रुग्णालयातून, निरोगी घेतले शहरातल्या कॉलेजातून. आपण पिढ्यान्‌पिढ्या पोटजातीतच सोयरीक जुळवत आलो, त्यामुळे ‘जी’चं प्रमाण समाजागणिक वेगळं असू शकतं. मग मोजली जाते ती सोयरीक, आजार नव्हे. रुग्णाची तुलना त्याच्याच घरातल्यांशी केली, तर हे बरंच टळतं. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेचा सहभाग असलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,३२१ रुग्णांसोबत ८८५ नातेवाईकही होते.

कॉम्टचा निकाल २००८ मध्ये लागल्यासारखा झाला. युरोपीय वंशाचे १,८७० रुग्ण आणि २,००२ निरोगी तपासले. कॉम्टसकट १४ नावाजलेल्या जनुकांपैकी एकाचाही संबंध ठरला नाही. संशयितांची अख्खी रांग सुटली! पण त्याच रांगेत डोपामिनच्या ग्राहीचं ‘डीआरडी२’ उभं होतं. २०१४ मध्ये जवळपास ३७ हजार रुग्ण आणि १ लाख १३ हजार निरोगी यांचे जनुकसंच चाळले गेले. निव्वळ योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी असेल तरच फरक मानायचा, अशी कडक अट. तरीही १०८ जागा टिकल्या. त्यांत डीआरडी२ची होती, कॉम्टची नव्हती.

या जागांपैकी बहुतेकींचं वजन किती? हजारात दहा जणांना होणारा आजार अकरा जणांना होतो, साधारण एवढंच. दोनशे रुग्णांत ते दिसणार तरी कसं?