हौशी माणसाने पीसीबी कशात काढावा?

ब्रेडबोर्डवरचं सर्किट नुसता धक्का लागला तरी बंद पडू लागलं, की पीसीबी करायची वेळ झाली समजावं. मग सॉफ्टवेअर शोधायला बसलेला माणूस सोयींच्या याद्या वाचून गोंधळतो. माझं मत असं, की सोयी नंतर बघाव्यात. आधी एवढंच विचारावं: उद्या ही कंपनी उठून गेली, तर माझं ड्रॉइंग मला उघडता येईल का?

ईगलचं काय झालं

जर्मनीतल्या कॅडसॉफ्टने १९८८ साली आणलेलं ईगल कित्येक वर्षं हौशी मंडळींचं हक्काचं सॉफ्टवेअर होतं. फुकट आवृत्तीत दोनच लेयर आणि छोटा बोर्ड, पण बहुतेकांचं तेवढ्यात भागायचं. २०१६ साली ते ऑटोडेस्कने घेतलं. पुढच्याच वर्षी एकदा पैसे भरून मिळणारा परवाना गेला, वर्गणी आली. २०२३ साली कंपनीने जाहीर केलं, की ७ जून २०२६ नंतर ईगल नाही, पुढचं काम आमच्याच फ्यूजन या सॉफ्टवेअरमध्ये करा. फ्यूजनही वैयक्तिक वापराला फुकट मिळतं, पण दोन लेयर आणि ८० चौरस सेंटिमीटरच्या मर्यादेत.

कंपनीचा हिशेब तिच्यापुरता बरोबर असेल. हौशी माणसाला मात्र दहा वर्षांपूर्वीचा अँप्लिफायर अचानक पुन्हा करावासा वाटतो. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की सहाव्या आवृत्तीपासून ईगलच्या फाइली एक्सएमएलमध्ये, म्हणजे वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात आहेत, म्हणून इतर सॉफ्टवेअर त्या उघडू शकतात.

किकॅड

माझा कौल किकॅडला. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथले प्राध्यापक जाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली ते सुरू केलं. नंतर युरोपातल्या सर्न या प्रयोगशाळेने त्यात भर घातली आणि ते खऱ्या अर्थाने वापरण्याजोगं झालं. सोर्स खुला, पैसे नाहीत, बोर्डाच्या आकारावर बंधन नाही, लेयर ३२ पर्यंत. हौशी माणसाला दोन पुरतात, पण दार उघडं असलेलं बरं. ईगलच्या फाइली ते घेतं, आठव्या आवृत्तीपासून इझीईडीएच्याही. स्वतःच्या फाइलीही साध्या मजकुरात ठेवतं.

नवखा माणूस अडतो तो फूटप्रिंटपाशी. स्कीमॅटिकमधलं चिन्ह आणि बोर्डावरच्या तांब्याच्या टिकल्या या किकॅडमध्ये वेगवेगळ्या गोष्टी असतात. रेझिस्टर काढला, तरी तो पायांचा की एसएमडी, पायांत अंतर किती, हे आपणच सांगायचं. सुरुवातीला वैताग येतो. पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला कपॅसिटर यादीतल्यापेक्षा जाडा निघाला, तर फक्त फूटप्रिंट बदलून काम होतं, हे कळल्यावर वैताग जातो. आणखी एक: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही. मित्राबरोबर काम करायचं असेल, तर दोघांची आवृत्ती एकच ठेवा.

इझीईडीए आणि फ्रिट्झिंग

इझीईडीए ब्राउझरमध्येच चालतं. एलसीएससीच्या दुकानातला पार्ट निवडला की फूटप्रिंट तयार मिळतो, आणि बोर्डाची ऑर्डर थेट चीनमधल्या जेएलसीपीसीबी या बोर्ड बनवणाऱ्या कंपनीकडे जाते. घाईच्या कामाला हे उत्तम. फक्त सोय आणि दुकान एकाच घरचं आहे, हे विसरू नये. आणि चीनमधून मागवताना बोर्डापेक्षा कुरिअर आणि कस्टम्सच जड जाऊ शकतं.

जर्मनीतल्या पोट्सडाममध्ये जन्मलेलं फ्रिट्झिंग ब्रेडबोर्डचं चित्र सुरेख काढतं. शाळेतल्या कार्यशाळेत दाखवायला छान. पीसीबी मात्र मी त्यात काढणार नाही.

सिम्युलेशनही हवं असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ईसिम बनवलंय. त्यात किकॅड आणि एनजीस्पाइस हा सिम्युलेटर एकत्र येतात.

घरी एचिंग करणार असाल तर

इस्त्रीने टोनर उतरवून फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड बुडवणाऱ्यांना सॉफ्टवेअरकडून फारसं काही नको असतं. एकास एक मापात स्वच्छ छपाई आणि जाड ट्रॅक मिळाले की झालं. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ट्रॅकच्या मोहात पडू नका. खालचा तांब्याचा लेयर उलटा करून छापायचा नाही. कागद पालथा पडला की तो आपसूक सुलटा उमटतो.

दोन संध्याकाळींची परीक्षा

निवड पक्की करण्याआधी ५५५ आयसीचा एलईडी उघडझाप करणारा बोर्ड पूर्ण काढून बघा. स्कीमॅटिक, फूटप्रिंट, ट्रॅक, डीआरसी (म्हणजे डिझाइनच्या नियमांची तपासणी), शेवटी गर्बर आणि ड्रिल फाइली. गर्बर हीच कारखान्यांची सामायिक भाषा असल्याने, त्या नीट निघाल्या तर बोर्ड कुठेही करून घेता येतो. त्या फाइली दुसऱ्याच कुठल्यातरी व्ह्यूअरमध्ये उघडा. मग बोर्ड कागदावर एकास एक छापा आणि खरा आयसी त्यावर ठेवून बघा. पायांतलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं. शेवटचा पाय टिकलीबाहेर गेला, तर आधी प्रिंटरचं स्केलिंग तपासा, सॉफ्टवेअरला नंतर बोल लावा.