राणीबागेतली जुनी वास्तू आणि आमची पोरं

डिलाईल रोडच्या पोरांना सहलीला कुठे जायचं असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. राणीबाग! जवळ आहे, खिशाला परवडते आणि आता तिथे पेंग्विनही आहेत. या वर्षीही आम्ही चिंचपोकळीचा पूल ओलांडून पायीच निघालो. पण आत शिरल्यावर आम्ही वर्गाची रांग पिंजऱ्यांकडे न नेता उलटीकडे वळवली. पोरांनी तोंडं वाकडी केली. एकाने तर सरळ विचारलं, “टीचर, उधर तो कोई जानवर नहीं है ना?”

तिकडे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. खरं सांगायचं तर लहानपणी आम्हीही त्या पायऱ्यांवर बसून डबे खाल्ले, पण आत काय आहे ते पाहिलं नव्हतं. आपल्या घरांतल्या बहुतेकांचं असंच असणार. “ती जुनी इमारत इंग्रजांची, आपला काय संबंध,” असं आपण धरून चालतो. हा समज चुकीचा आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय उभं राहिलं त्यामागे या शहरातल्या लोकांची वर्गणी आणि खटपट होती. जगन्नाथ शंकरशेठ, भाऊ दाजी, जमशेटजी जीजीभाय आणि बगदादहून मुंबईत आलेले यहुदी व्यापारी डेव्हिड ससून अशी वेगवेगळ्या धर्मांची माणसं त्यात होती. १८६२मध्ये पाया घातला गेला. मग कापसाच्या भावावर चढलेला मुंबईचा पैसा १८६५मध्ये एकाएकी बुडाला, देणगीदारांचेच दिवाळे निघाले आणि काम रेंगाळलं. शेवटी सरकारी मदतीने ते पुरं होऊन २ मे १८७२ रोजी दरवाजे उघडले.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, संस्कृतचे आणि जुन्या शिलालेखांचे अभ्यासक. संग्रहालयाच्या समितीचं काम त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. तरी त्यांचं नाव इमारतीला लागायला १९७५ साल उजाडलं. तोवर पाटीवर व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट होते.

नाव बदललं, पण हालत सुधारली नाही. छत गळत होतं, सोनेरी नक्षीवर रंगाचे थर चढले होते, काचेच्या कपाटांत धूळ साचली होती. सार्वजनिक मालकीच्या वस्तूचं आपल्याकडे होतं ते इथेही झालं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही! ‘इन्टॅक’ या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मुंबई शाखेने हे काम हाती घेतलं. तसनीम झकारिया मेहता त्यासाठी मागे लागल्या. २००३मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला. इमारत पालिकेची, पैशात फाउंडेशनचा हात आणि जाणकारी इन्टॅकची. वास्तुतज्ज्ञ विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम सुरू झालं.

अशा कामाला किती सबुरी लागते ते आम्ही वर्गात समजावून सांगितलं. आपल्याकडे जुनी भिंत दिसली की तिच्यावर नवा ऑइलपेंट मारतात. इथे उलटं करावं लागतं. आधी वरचे थर काढायचे, खाली मूळ रंग कोणता होता ते शोधायचं आणि मग तोच पुन्हा द्यायचा. लोखंडी खांब, नक्षीदार कठडे, मिंटनच्या फरशा, लाकडी कपाटं, सोन्याचा वर्ख, प्रत्येकाचा कारागीर वेगळा. आतल्या वस्तूंची साफसफाई हे तर आणखी नाजूक काम. २००५मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००८मध्ये संग्रहालय लोकांना पुन्हा खुलं झालं. त्यानंतरही मध्यंतरी दुरुस्तीसाठी ते बंद ठेवावं लागलं. मुंबईचा पाऊस कुणाला सोडतो?

आत गेल्यावर पोरं गप्प झाली. फिकट हिरवा रंग, उंच खांब आणि वरून येणारा उजेड. पण त्यांना खरं धरून ठेवलं ते मातीच्या छोट्या बाहुल्यांनी. विणकर, कुंभार, वेगवेगळ्या समाजांची माणसं, त्यांचे पोशाख, त्यांच्या पगड्या. “ये तो मेरे दादा जैसे लगते हैं,” एक मुलगी काचेला नाक लावून म्हणाली. पेंग्विनचा विषय तासभर कुणी काढला नाही.

बाहेरच्या आवारातही पाहण्यासारखं खूप आहे. घारापुरीचा तो दगडी हत्ती, ज्याच्यामुळे पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो इथेच उभा आहे. १८६४मध्ये त्याला विलायतेला न्यायला उचलताना तो कोसळून फुटला. पुढे १९१४च्या सुमारास तुकडे जोडून त्याला उभं केलं. मागच्या बाजूला १९६५मध्ये रस्त्यांवरून हटवलेले पुतळे आहेत. नाक तुटलेली व्हिक्टोरिया राणी आहे आणि ज्याच्यावरून अख्ख्या भागाला काळा घोडा नाव पडलं, तो घोडाही आहे. घोडा इथे आणि नाव तिथे, याचं पोरांना फार हसू आलं.

बागेची गोष्ट इमारतीपेक्षाही आपल्या जवळची आहे. १८६२ची ही मूळची वनस्पतींची बाग. प्राणी नंतर आले. २००७च्या सुमाराला परदेशी सल्लागारांकडून कोट्यवधींचा नवा आराखडा आला, तेव्हा जुन्या झाडांचं काय होणार या काळजीने काही नागरिक उभे राहिले, त्यांत बहुतेक बायका. त्यांनी फक्त घोषणा दिल्या नाहीत. एकेका झाडापाशी जाऊन ते ओळखलं, मोजलं, नोंदवलं. गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी अशी तीन हजारांहून जास्त झाडं इथे आहेत, हे त्या नोंदींमुळे ठामपणे सांगता आलं. आराखडा बदलावा लागला. बागेला १५० वर्षं झाली तेव्हा याच मंडळींनी पुस्तकही काढलं. घर सांभाळणाऱ्या बाईला डाळ-तांदळाचा हिशेब ठेवता येतो, तसाच झाडांचाही ठेवता येतो, असं आम्हाला वाटतं.

परतताना नववीतल्या एका मुलीने अवघड प्रश्न टाकला. ती डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली. तिथल्या बत्तीस चाळी पाडून टॉवर होत आहेत. “टीचर, आमच्या चाळीचं असं का नाही केलं?”

आम्ही खोटं बोललो नाही. १६० चौरस फुटांत आठ माणसं, सकाळी संडासाला रांग, हे जपून ठेवण्यासारखं नाही. तिच्या अम्मीला विचारलं तर ती आजच सामान बांधेल, आणि ते बरोबरच आहे. ज्याला ती खोली सोडून जाता येतं, त्यालाच तिचं कौतुक सुचतं. पण त्या शंभर वर्षांत गिरणी कामगारांनी तिथे जे संसार केले, त्यांची एखादी खूण तरी नव्या घरात जावी की नाही?

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, घरातली एक जुनी वस्तू आणि तिची गोष्ट घेऊन या. पानदान आलं, गिरणीचा पास आला, आजोबांच्या हातची उर्दू चिठ्ठी आली. एका मुलाने हात हलवत सांगितलं, “नानीची तांब्याची देगची होती. शिफ्टिंगच्या आधी अब्बांनी भंगारवाल्याला दिली. आता नानी रोज विचारते.” त्याच्या अम्मीशी बोललो. ती म्हणाली, “टीचर, सामान कुठे कुठे नेणार? किसीने बोला भी नहीं के रखो.” तिचं काय चुकलं? कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला म्हटलं, देगची नाही तर तिची गोष्ट लिही. त्याने दोन पानं लिहिली. ईदला तिच्यात किती माणसांची बिर्याणी शिजायची, तेसुद्धा त्यात आहे.

गिरणीचा पास आणणाऱ्या मुलाचे दादाजी पन्नास वर्षं डिलाईल रोडला राहिले, पण संग्रहालयात कधी गेले नव्हते. नातवाने मातीच्या विणकराबद्दल इतकं सांगितलं की ते हट्टाला पेटले. बुधवारी बंद असतं म्हणून गुरुवारी जायचं ठरलंय.