गिर्यारोहणाचे बूट : दुरुस्त करावे कीं टाकावे ?

घरांतील एखादा तरुण हिमालयांत जावयास निघाला, म्हणजे वडील मंडळी लोकरी कपडे, औषधें आणि लाडवांचा डबा यांची कसून चौकशी करितात. माळ्यावरून काढलेल्या बुटांकडे मात्र कोणी पाहत नाहीं. थोरल्या भावाचे बूट धाकट्यास बरोबर आले, पॉलिश केल्यावर चामडें चकाकूं लागलें, कीं काम भागलें असें सर्वांस वाटतें. आमच्या मतें काळजीनें पाहावयाची वस्तु हीच. आणि तीहि वरून नव्हे, खालून.

१९२४ सालीं मॅलरी यांच्यासमवेत एव्हरेस्टवर नाहींसे झालेले अर्व्हिन यांचा एक बूट २०२४ सालीं रोंगबुक हिमनदीवर सांपडला. शंभर वर्षांनंतरहि त्याचें चामडें व तळाचे खिळे ओळखूं येत होते. बर्फ जें रक्षण करितें तें आमचा माळा करीत नाहीं, हें खरें. परंतु आजच्या बुटांत त्या काळीं नसलेली एक वस्तु असते, आणि दगा देते ती तीच.

खिळे जाऊन रबर आलें त्यामागें एक दुर्घटना आहे. १९३५ सालीं आल्प्समध्यें वादळांत सांपडून व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती मरण पावले. खिळ्यांचे जड बूट खालीं ठेवून ते हलक्या जोड्यांनिशीं वर चढले होते. त्यानंतर ब्रामानीनें खोल खांचांचा रबरी तळ तयार केला. नांव व आडनांव यांचीं आद्याक्षरें जोडून झालेला ‘व्हिब्रम’ हा शब्द आज पुष्कळ बुटांच्या तळाशीं दिसतो.

हें रबर सहसा फसवीत नाहीं. फसवितो तो रबर व चामडें यांमधील पॉलियुरेथेनच्या फेंसाचा मऊ थर. हवेंतील बाष्पानें त्याची घटना हळूहळू तुटत जाते, आणि सामान्यतः पांच ते दहा वर्षांत त्याचा भुगा होऊं लागतो. बूट वापरले नाहींत म्हणून तो टिकतो असें नाहीं; उलट प्लास्टिकच्या पिशवींत, उकाड्यांत व दमट हवेंत तो लवकर जातो. कोंकणांतील वाचकांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें. नव्यासारखा दिसणारा बूट हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेवर अर्ध्यांत तोंड उघडतो, तो याच कारणानें.

परीक्षा सोपी आहे. बाजूनें त्या थरांत आंगठा रोंवावा. बारीक चिरा दिसल्या, अथवा चुरा हातास लागला, तर तो तळ संपला. प्रवासापूर्वीं पाठीवर ओझें घेऊन दोनतीनदां टेकडी चढून यावी.

उसवलेली शिवण आपला नेहमींचा चांभार आरी आणि मेण लावलेला दोरा घेऊन उत्तम शिवून देतो. परंतु भुगा झालेल्या थरावर कितीहि लुकण लावलें तरी तें भुग्यास चिकटतें, बुटास नव्हे. तेथें मधला थर व रबर दोन्ही काढून, बूट कलबुतावर चढवून, नवा तळ दाबून बसविणारा कारागीरच पाहिजे. सर्वच बूट असे पुन्हां तळ बसविण्याजोगे नसतात. तें विकत घेतांनाच विचारावें. शिवाय एकाच पायाचा तळ बदलूं नये. संस्कृतांत जोड्यास ‘उपानहौ’ असें द्विवचन योजितात तें उगीच नव्हे !

चामडें बोटांजवळच्या घडीवर आरपार चिरलें असेल, किंवा टांचेचा ताठ भाग मोडला असेल, तर खर्च करूं नये, नवे घ्यावे. बर्फावरील पोलादी सुळे, म्हणजे क्रॅम्पॉन, ज्या कांठावर अडकतात तो झिजला असेल तर काटकसरीचा विचारहि नको. तो सुळा निसटेल तो नेमका उतारावर.

परत आल्यावर बूट चुलीपाशीं किंवा कडक उन्हांत ठेवूं नयेत. आंत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलींत वाळवावे, आणि अधूनमधून पायांत घालून फिरून यावें.