पीटीचे सर स्वतःला काय समजतात?

शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास सगळीकडे सारखाच छापलेला असतो. मैदानावर मात्र तो शिक्षकागणिक बदलतो. एका शाळेत मुलं उन्हात रांगा धरून सावधान-विश्राम करतात. दुसऱ्या शाळेत तालुक्याच्या स्पर्धेला जाणारा संघ सराव करतो आणि उरलेला वर्ग कट्ट्यावर बसतो. तिसरीकडे सर बॉल देतात आणि झाडाखाली वह्या तपासत बसतात. अभ्यासक्रम एकच, पदवीही बहुधा तीच, बी.पी.एड. तरी तास इतका वेगळा होतो, कारण तो घेणारा स्वतःला कुणी शिस्त लावणारा समजतो, कुणी खेळाडू घडवणारा, तर कुणी शिक्षक. ही समजूत त्याची एकट्याची नाही. शंभर वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून ती घडवली आहे.

महाराष्ट्रात या माणसाचा पहिला अवतार वस्तादाचा. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. पुण्यात १९२४ मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं. त्याच वर्षी लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाला प्रयोगशाळेत नेलं. अमरावतीच्या मंडळाने तर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. या परंपरेतला गुरू मुलांबरोबर स्वतः जोर मारायचा, मल्लखांबावर चढायचा. शरीर कमावणं हे त्याच्या लेखी देशकार्य होतं. ही निष्ठा मोठीच होती. पण आखाड्यात येणारा मुलगा आपल्या हौसेने यायचा. शाळेच्या तासाला मात्र अख्खा वर्ग येतो. त्यात दम्याचा मुलगा असतो, लठ्ठ म्हणून चिडवली जाणारी मुलगी असते. त्यांच्यासाठी काय करायचं, याचं उत्तर आखाड्याकडे नव्हतं.

दुसरा अवतार कवायतीचा, आणि त्याची कथा आपल्याच मातीतली आहे. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले मूळचे सावंतवाडी संस्थानातले. स्वातंत्र्यानंतर ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरदार गमावलेली मुलं दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनात होती. त्यांच्यासाठी १९५४ मध्ये भोसल्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. सगळं विस्कटलेल्या त्या मुलांना रांग, ताल आणि एकत्र म्हटलेली गाणी यांतून आधार मिळाला असेल, हे सहज पटतं. योजना देशभरच्या शाळांत पसरली, तिचे प्रशिक्षित निदेशक गावोगाव गेले. पुढे कुंझरू समितीच्या शिफारशीनुसार १९६५ मध्ये ती नॅशनल फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली. योजना सरली, पण ‘शिट्टी वाजवली की चिडीचूप करणारा तो पीटीचा शिक्षक’ ही प्रतिमा शाळांत टिकली. १५ ऑगस्टचं संचलन मुख्याध्यापक पाहतात, संस्थाचालक पाहतात, पालकही पाहतात. सप्टेंबरातल्या एखाद्या मंगळवारचा साधा तास कुणीच पाहत नाही. ज्या कामाला दाद मिळते तेच आपलं खरं काम, असं शिक्षकाला वाटू लागलं तर नवल नाही.

तिसरा अवतार प्रशिक्षकाचा. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं, ग्वाल्हेरला १९५७ मध्ये लक्ष्मीबाई महाविद्यालय आलं, आणि या क्षेत्राला पदवीची वाट मिळाली. या वाटेने येणारे बहुतेक जण मुळात खेळाडू. अमेरिकेत डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं, की शिक्षक प्रशिक्षणाला येण्याआधी वर्षानुवर्षं विद्यार्थी म्हणून शिक्षकांना न्याहाळत असतो आणि शिकवणं म्हणजे काय ते तिथेच ठरवून बसतो. हॅल लॉसन यांनी १९८३ मध्ये हाच विचार शारीरिक शिक्षणाला लावला. आपल्याकडे तो तंतोतंत जुळतो. जो स्वतः संघात होता, त्याला त्याच्या सरांनी संघातला म्हणूनच वागवलं. कट्ट्यावर बसलेली मुलं त्याने कधी नीट पाहिलीच नाहीत. ज्युडिथ प्लेसेक यांच्या १९८३ च्याच अभ्यासात शिक्षकांच्या यशाची मोजपट्टी दिसते: मुलं गुंतलेली हवीत, खुश हवीत आणि शहाण्यासारखी वागायला हवीत. मुलं काय शिकली, हा प्रश्न त्यात मागेच राहतो.

शिकवणं म्हणजे काय, ते खो-खोच्या एका तासात पाहू. साठ मुलांच्या वर्गात रीतसर एक सामना लावला, की मैदानात येतात बारा: आठ बसलेले, एक पाठलाग करणारा, तीन बचाव करणारे. एका वेळी धावतात चारच. अठ्ठेचाळीस जण बाहेर. आता त्याच मैदानावर फक्कीने सहा छोट्या पाट्या आखा, खांबांच्या जागी फक्कीचेच गोल काढा, प्रत्येक पाटीवर दहा मुलं द्या. चौघं बसतील, एक पाठलाग करेल, तिघं पळतील, दोघं गुण मोजतील आणि दर दोन मिनिटांनी जागा बदलतील. मग शिट्टी देऊन खेळ थांबवा आणि विचारा, ‘पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारा पलीकडे गेला, तर खो कुणाला द्यायचा?’ तोंड कुणाचं कुठे आहे हे मुलं तेव्हा पहिल्यांदा डोळे उघडून बघतात. इंग्लंडमधल्या लाफबरोच्या बंकर आणि थॉर्प यांनी १९८२ मध्ये हाच मार्ग मांडला होता: खेळातला पेच आधी, कौशल्य त्यातून. यासाठी महाग साहित्य लागत नाही. हे आपलं काम आहे असं सरांना वाटावं लागतं.

मुलींच्या बाबतीत तर ‘हे आपलं काम नाही’ ही समजूत फारच महागात पडते. ‘आमच्या मुली खेळत नाहीत’ म्हणणारे सर मुलींना लेझीम देऊन मोकळे होतात. त्याच गावात एखाद्या बाई मैदानावर उभ्या राहिल्या, की त्याच मुली कबड्डीला उतरतात.

पण सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरावर पटाच्या शाळांत, आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक सांगितला आहे. कायदाच ज्याला अर्धवेळ मानतो, त्याने स्वतःला पूर्ण शिक्षक कसं मानावं? परीक्षा जवळ आली की गणिताचे सर विचारतात, ‘आज तुमचा तास घेऊ का?’ आणि नाही म्हणायची सोय नसते. प्रार्थना, सहल, स्नेहसंमेलन, गेटवरची शिस्त, बदली तास, सगळं त्यांच्याच गळ्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे आणि अभ्यासेतर विषय यांतली भिंत पाडायची म्हटलं आहे. ती भिंत आधी शिक्षकांच्या खोलीत पाडावी लागेल.

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा गणिताच्या सरांपुढची रांग संपल्यावर पीटीच्या सरांकडेही जा. संघाने किती बक्षिसं आणली ते विचारू नका. ‘माझी मुलगी या वर्षी काय करायला शिकली?’ एवढं विचारा, आणि त्यांचा तास दुसऱ्या विषयाला देऊ नये, असं मुख्याध्यापकांना लेखी कळवा.