सुघड झारी

केळापूर तालुक्यांत उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे चढतो. अशा दिवसांत घरांतील कुंडींत मायेनें तांब्यावर तांब्या ओतला जातो, आणि मुळें कुजून रोप तहानेऐवजीं पाण्यानेंच दगावतें. त्यावर उपाय सुघड झारीचा. मॉरिशसमध्यें व्हॅनिलाचे वेल लावणाऱ्या जॉन हॉज या इंग्रजानें १८८६ सालीं उचलण्यास व कलविण्यास सोप्या झारीचें पेटंट घेतलें. झारीची लांब, निमुळती तोटी पानें न भिजवितां बारीक धार मुळाशीं नेते. मात्र तोटीचें तोंड झारीच्या काठाइतकें उंच असावें. तें खालीं राहिल्यास भरतांनाच पाणी सांडतें. मूठ अशी असावी, कीं भरलेली झारी एका हातांत तोलली जावी. तिचा खरा देखणेपणा तो हाच. तरीही आधीं कुंडींतील मातींत बोट घालून पाहावें. ओल लागल्यास झारी खालीं ठेवावी.